चर्चबाहेर मैत्री करायचीये? आधी काहीतरी मागायला शिका

फोनमधला कॉल लॉग उघडा आणि मागचे 15 दिवस बघा. घरचे, ऑफिसचे, कुरिअरवाले, बँकेवाले सोडून द्या आणि नुसत्या गप्पा मारायला केलेले कॉल मोजा. आता त्यातले चर्चमध्ये न येणारे किती आहेत ते मोजा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा उत्तर शून्य आलं, आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी युथ मीटिंगला 'पृथ्वीचे मीठ' यावर, म्हणजे आपण जगात मिसळून राहायला हवं यावर, अर्धा तास बोललो होतो.

होतं काय की बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी प्रार्थना सभा, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस, रविवारचा अर्धा दिवस तर गेलाच, आणि जी संध्याकाळ उरते तिच्यात चर्चमधल्याच कुणाचा तरी वाढदिवस निघतो. वाईट यात काहीच नाही, पण मग आपल्याला बाहेरचा माणूस भेटतो तो एकतर कामापुरता नाहीतर सुवार्ता, म्हणजे येशूबद्दल, सांगायपुरता. आणि कुणी आपल्याकडे फक्त काहीतरी सांगायला म्हणूनच येतोय हे समोरच्याला दोन मिनिटांत कळतं. इन्शुरन्सवाला कसा लगेच ओळखू येतो, तसं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी करा. नवीन काही जोडायचं नाहीये, आहे त्यातलं एक काढायचंय. पाळकांना स्पष्ट सांगा की मी बुधवारची बायबल स्टडी सोडतोय, कारण त्या वेळी मी शेजाऱ्यांबरोबर खेळायला जाणार आहे. माझ्या पाळकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, मग म्हणाले जा बाबा.

ही संध्याकाळ कुठे घालवायची, तर नवीन माणसं शोधत फिरू नका. जी आधीच रोज दिसतात तीच धरा. लिफ्टमध्ये भेटणारा, शाळेच्या गेटवर मुलांची वाट बघत उभे असणारे आईबाप, सकाळी चालायला येणारे, ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरचा. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पुन्हा पुन्हा तेच. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास मांडला होता, त्यात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण 50 तास, खरा मित्र व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 च्या वर तास एकत्र घालवावे लागतात असं निघालं. आता आठवड्याला दोन तास धरले तर 90 तासांना जवळपास वर्ष जातं. म्हणून 'तीन भेटी झाल्या पण अजून काही विषय निघाला नाही' असं वाटत असेल तर बाबा रे, तुमचे अजून सहाच तास झालेत.

आणि दोन-तीन माणसं पुरे. प्रभू येशूने बाराच जण निवडले आणि त्यातही खास प्रसंगी बरोबर नेले ते तिघंच, पेत्र, याकोब आणि योहान. आपण काय 40 जणांशी मैत्री करणार.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी शिकवलीच नाही आणि शिकायला खूप वर्षं लागली.

आपल्याला देणारा व्हायची फार सवय आहे. शेजाऱ्याला मदत करा, आजाऱ्याला भेटा, काहीतरी करून घेऊन जा, सगळं बरोबरच आहे. पण जो सतत देतो आणि कधी काही घेत नाही त्याच्याशी मैत्री होत नाही, त्याच्याबद्दल फक्त आदर वाटतो, आणि थोडा वैतागही. समोरच्याला आपण कायम उपकाराखाली ठेवतो ना. म्हणून माझं सांगणं असं की आधी मागा.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) चौथा अध्याय पुन्हा वाचा. याकोबाची विहीर, भर दुपार, प्रवासाने दमलेला येशू विहिरीवर बसलाय, पाणी काढायला त्याच्याकडे काही नाही, आणि शोमरोनी बाई येते. पहिलं वाक्य काय आहे? मला प्यायला पाणी दे. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर येते. ज्या लोकांशी यहूदी व्यवहार ठेवत नसत त्यांच्यातल्या एका बाईकडे त्याने आधी हात पसरला, आणि तिला इतकं नवल वाटलं की तिनेच उलट विचारलं, तू मला कसं काय मागतोस? बोलणं तिथून सुरू झालं.

नीट बघितलं तर शुभवर्तमानात येशू यजमान कमी आणि पाहुणा जास्त आहे. लेवी जकातदाराच्या (कर वसूल करणारा, म्हणून लोकांना नकोसा) घरी जेवायला, शिमोन परुश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला) घरी, मार्था-मरीयेच्या घरी. जक्कय, तोही जकातदारच, झाडावर चढलेला असताना 'आज मला तुझ्या घरी उतरायचंय' असं तर त्याने स्वतःच सांगून टाकलं, आजच्या भाषेत सरळ स्वतःच स्वतःला बोलावून घेतलं. त्या गावात जक्कयाचं आमंत्रण मानणारं दुसरं कुणी असेल असं वाटत नाही, आणि हा माणूस म्हणतो मला तुझ्याकडे यायचंय. जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र हे नाव त्याला पडलं ते टोमणा म्हणून, आणि ते पडलं अशा जेवणांमुळेच.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक जण राहतो, माझ्याच वयाचा, देवबिव काही मानत नाही, आणि मी चर्चवाला आहे हे कळल्यापासून लिफ्टमध्ये भेटला की मोबाईलमध्ये डोकं घालायचा. दोन वर्षं मी त्याच्याकडे बघून हसत होतो, नाताळला केक नेऊन देत होतो, तो थँक्यू म्हणून दार लावत होता. मग एकदा माझ्याकडे भिंतीला शेल्फ लावायचं होतं, ड्रिल मशीन नव्हतं, त्याच्याकडे आहे हे आवाजावरून माहीत होतं (रविवारी सकाळीच चालवायचा, आम्ही चर्चला निघायच्या वेळी). गेलो, बेल वाजवली, म्हटलं ड्रिल मिळेल का. तो म्हणाला, "चालवता येतं का?" मी म्हटलं, "नाही." हा माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसला. ड्रिल घेऊन खाली आला, माझं लेव्हलचं मार्किंग बघून म्हणाला, "हे कुणी केलंय? शेल्फ लावायचंय का घसरगुंडी?" आणि सगळं पुसून नवीन मार्क केलं. भिंतीत एक भोक चुकलं ते अजून तसंच आहे, ते मात्र माझं. त्या दिवशी तो दीड तास माझ्या घरात होता. दोन वर्षांच्या केकने झालं नाही ते एका भोकाने झालं.

तेव्हा मागा. शिडी मागा, सल्ला मागा, 'गाडीचा हा आवाज कसला येतोय बघतोस का', 'तुमच्या मुलीला गणित छान येतं म्हणे, माझ्या मुलाला अर्धा तास समजावेल का'. खरी गरज असेल तेच मागा मात्र, नाटक करून मागितलेलं लगेच कळतं. पैसे मागू नका, तो वेगळाच घोळ होतो.

मैत्री थोडी जमली की त्यांच्या घरची बोलावणी येतात. लग्न, सण, घरची पूजा, पार्टी, मयत. इथे आपले लोक सगळ्यात जास्त गोंधळतात आणि मग 'त्या दिवशी बाहेर जायचंय' असं खोटं सांगून मोकळे होतात. खोटं बोलून साक्ष (वागण्यातून दिसणारा विश्वास) राखायची म्हणजे कमालच आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात (1 करिंथ 10) प्रेषित पौलाने हे बऱ्यापैकी खोलात जाऊन सांगितलंय. अविश्वासणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे येईल ते खा, चौकशा करत बसू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. आणि मूर्तिपूजेपासून दूर राहा हेही त्याच अध्यायात वरती लिहिलंय. म्हणजे जाऊच नका असंही नाही आणि काहीही चालतं असंही नाही.

यावर चर्चमध्ये एकमत नाहीये, तुमच्या मंडळीत काय मानतात ते विचारा. मी काय करतो ते सांगतो. मी जातो. पूजेच्या विधीत भाग घेत नाही. पण ही गोष्ट तिथे पंचवीस पाहुण्यांसमोर नाही सांगत, दोन दिवस आधी एकट्याला गाठून सांगतो की बघ, मी येणार, मदतीला लवकर येणार, खुर्च्या लावणार, फक्त या या गोष्टी माझ्याच्याने होणार नाहीत, तुला वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगतोय. आजवर एकानेही मनाला लावून घेतलेलं नाही. लोकांना आपलं नाही म्हणणं चालतं, तोंड वाकडं करून नाही म्हणणं चालत नाही. आणि तिथे गेल्यावर जे दिसेल त्याबद्दल कुतूहलाने विचारा, हे असं का करता, लहानपणापासून आहे का, आजी काय सांगायची. मनात उत्तर तयार ठेवून विचारू नका.

दुःखाचा प्रसंग आला तर तिथे आपण सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकतो आणि सगळ्यात जास्त माती पण तिथेच खातो. बायबलमधल्या ईयोबाचं, मुलंबाळं आणि मालमत्ता सगळं गेलं त्याचं, तिघं मित्र आठवतात ना. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं तेच एक चांगलं काम. पुढे तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. तर 'देवाची इच्छा', 'देव जे करतो ते चांगल्यासाठी', 'तो आता चांगल्या ठिकाणी आहे' यातलं काही बोलू नका. 'काही लागलं तर सांग' हेही नको, कारण कुणी सांगत नाही. त्यापेक्षा ठरवून सांगा, 'उद्या 4 ते 7 मी हॉस्पिटलमध्ये बसतो, तू घरी जाऊन आंघोळ कर आणि झोप'. आणि महिन्याभराने, सगळे पाहुणे परत गेले की, पुन्हा जा. तेव्हा घर फार रिकामं असतं.

प्रार्थनेचं काय? विचारून करा. 'तुझ्या आईसाठी प्रार्थना केली तर चालेल का, इथेच, अर्ध्या मिनिटात?' इतकंच. बहुतेक जण हो म्हणतात, न मानणारेसुद्धा. मग खरोखर अर्ध्या मिनिटात संपवा. डोळे मिटलेत म्हणून देवाला सांगायच्या बहाण्याने मित्राला उपदेश करू नका, 'हे प्रभू, याचे डोळे उघड' वगैरे. नाही म्हणाला तर घरी जाऊन करा, त्याला बंदी नाही. आणि चार दिवसांनी आईची तब्येत कशी आहे हे विचारायला विसरू नका, ते विसरलात तर ती प्रार्थना नव्हती, नुसती स्टाईल होती.

आता माझी एक चूक, जी मला अजून टोचते. ऑफिसातल्या एका मित्राने एकदा मला त्याच्या घरातली गोष्ट सांगितली, नवराबायकोत ताणलं होतं, प्रकरण वकिलापर्यंत गेलं होतं. मी शुक्रवारच्या प्रार्थना सभेत उभा राहून ती विनंती ठेवली. नाव नाही घेतलं, फार शहाणपणा केला असं वाटलं. पण 'माझ्या ऑफिसातला मित्र, ज्याच्याबरोबर मी रोज जातो' एवढं बोललो की, आणि सभेतल्या एका बाईंची भाची त्याच्या बिल्डिंगमध्ये. दहा दिवसांनी तो माझ्या डेस्कपाशी आला, आवाज अजिबात चढवला नाही, म्हणाला, "तू तुझ्या देवाला सांगितलं असतंस तर चाललं असतं रे, त्या पन्नास लोकांना कशाला सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली, तो माफ केलं म्हणाला, पण पुन्हा घरातलं काही सांगितलं नाही. तेव्हापासून नियम: मित्राची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय कुठेच जात नाही, प्रार्थनेच्या नावाखाली तर अजिबात नाही. साक्षीच्या सभेत 'मी एका आत्म्यावर काम करतोय' असलं बोलणं पण बंद. तो जर ऐकत बसला असता तर मी हे बोललो असतो का, एवढं तपासायचं.

काही बारीकसारीक गोष्टी पटापट. रोज सकाळी वचनाचा फोटो फॉरवर्ड करू नका, म्यूट होता तुम्ही. नाताळच्या कार्यक्रमाला बोलवा, पण सगळ्यांसमोर उभं करून 'आज आपल्यात पाहुणे आहेत' करू नका, आणि कार्यक्रमात पुढे येऊन हात वर करायला सांगणार असतील तर तसं आधीच कानावर घाला. हाताखालच्या माणसाशी, पेशंटशी, तुमच्यावर अवलंबून असलेल्याशी विश्वासाचा विषय आपण होऊन काढू नका, त्याला नाही म्हणायची सोय नसते. मदत करताना मनात अट नको आणि दिसायला पण नको, नोकरी, फी, औषधं यांच्याशी विश्वासाचा काही संबंध जोडलात तर मैत्री तिथेच संपली. दुसऱ्यांच्या मुलांना आईबापाच्या परवानगीशिवाय संडे स्कूलला नेऊ नका. आणि मैत्री परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी असेल तर घरी सगळं माहीत असू द्या, एवढं कळतंच आपल्याला.

मग येशूबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं ना. 1 पेत्र 3:15 मध्ये काय म्हटलंय, तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे कुणीतरी विचारायला पाहिजे हे त्यात आलंच. आणि मैत्री खरी असेल तर विचारतात, बहुतेक वेळा आपण तयार नसताना, रात्री गाडीत, किंवा 'तू एवढं सगळं होऊन पण त्या माणसाशी परत बोलायला कसा गेलास' अशा काहीतरी प्रश्नातून.

तेव्हा चर्चची भाषा बाजूला ठेवा. तारण, अभिषेक, ओझं, रक्ताने धुतलो, आत्म्यात चाललो, हे शब्द आपल्याला घरचे आहेत, बाहेरच्याला त्यातलं निम्मं भीतीदायक वाटतं. घरी एक प्रयोग करा, माझ्या आयुष्यात येशूमुळे काय बदललं हे दोन मिनिटांत यातला एकही शब्द न वापरता मोबाईलवर रेकॉर्ड करा. मला सात वेळा करावं लागलं. पहिल्या सहा रेकॉर्डिंगमध्ये मी दारू न सोडताच दारू सोडल्यासारखा बोलत होतो, म्हणजे आपल्या साक्षीला एक साचा असतो ना, आधी फार वाईट, मग एकदम चांगलं. माझं तसं नव्हतंच. मी चिडका होतो, अजून आहे, फरक एवढाच की आता मुलावर ओरडलो की रात्री त्याच्या खोलीत जाऊन सॉरी म्हणतो, आणि हे मला ज्याने शिकवलं त्याचं नाव मी सांगतो. एवढंच खरं होतं म्हणून तेवढंच रेकॉर्ड केलं.

योहान 9 मधला आंधळा बघा, परुशी त्याला धर्मशास्त्रात अडकवायला बघतात आणि तो म्हणतो ते मला माहीत नाही, एक माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. 'माहीत नाही' म्हणायला लाजू नका. पौल अथेनैमध्ये (आजचं अथेन्स) बोलायला उभा राहिला त्याआधी गावात फिरून त्यांची पूजास्थानं बघून आला होता, 'अज्ञात देवाला' लिहिलेली वेदी त्याला तशीच दिसली, आणि बोलताना त्याने त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या. तुमच्या मित्राला काय आवडतं, तो काय वाचतो, कशावर चिडतो, हे माहीत नसेल तर अजून बोलायची वेळ झालेली नाही असं समजा. अम्माऊसच्या वाटेवर तर पुनरुत्थित (मरणातून उठलेला) येशू स्वतः त्याला न ओळखणाऱ्या दोन शिष्यांना विचारतो, कशाबद्दल बोलताय? काय झालं? ज्याच्याबद्दल ते बोलतायत तोच विचारतोय. साधारण 11 किलोमीटरची वाट, आणि आधी त्यांना सगळं बोलू दिलं.

आणि तो कधीच विश्वासात आला नाही तर? हा प्रश्न मला चर्चमध्ये फार विचारतात. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी. येशूने विचारलं जरूर, बाकीचे नऊ कुठे आहेत. पण त्या नऊ जणांचा रोग काही परत आला असं लिहिलेलं नाही. मैत्री दिली ती दिली. मला मनातून वाटतं की माझ्या मित्रांनी येशूला ओळखावं, ते मी लपवत नाही, वरच्या मजल्यावाल्याला पण ते माहीत आहे, तो म्हणतो "तुझं चालू दे, माझं चालू दे", आणि मग आम्ही दुसऱ्या विषयावर भांडतो.

मागच्या महिन्यात पाळकांनी विचारलं, त्या तुझ्या वरच्या मित्राचं काय झालं, काही प्रगती? मी म्हटलं, आहे ना, परवा तो माझ्याकडे आला होता, त्याला ड्रिल परत पाहिजे होतं.